शुक्रवारची कहाणी

शुक्रवार, दुपार

प्रिय राजेश्री,

सलाम. किती महिन्यांनी हा शब्द लिहिते आहे! या गावात सलाम म्हणावा असं कोणी नाही. परभणीच्या होस्टेलात पहिल्या दिवशी तू मला सलाम केलास तेव्हा मी तुला मुसलमान समजले होते, आणि तू पोट धरून हसत म्हणाली होतीस की आम्ही ख्रिस्ती लोकही एकमेकांना सलामच म्हणतो. त्या हसण्याची आज फार आठवण येते आहे. फोन करावा तर माझा फोन आता दत्ताच्या खिशात असतो. दत्ता म्हणजे आमचे हे. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची इथं पद्धत नाही, म्हणून पत्रात घेते. तेवढीच चैन.

तुला वाटत असेल मला कोंडून ठेवलंय. तसं काही नाही. दाराला बाहेरून कडी नाही, कोणी अंगाला हात लावलेला नाही, दोन वेळा ताट पुढं येतं. पण उंबऱ्याकडं पाऊल वळलं की कोणीतरी विचारतंच, कुठं निघालीस. नळाला गेले तर बायका हंडा उचलून बाजूला होतात. दत्तानं मानवतला माझ्या माहेरी फोन लावून दिला, तर भाऊ म्हणाला, 'तितं काय निस्तरायचं ते निस्तर, इकडं येऊ नको.' दार उघडं आहे आणि जायला जागा नाही. आणि खरं सांगू, मला जायचंही नाही. पलीकडच्या खोलीत आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उजवा हात मांडीवर टाकून बसल्या आहेत. वर्षभर खपून मी तो हात जागा केला होता. आता त्या मला शिवू देत नाहीत आणि हात पुन्हा आखडत चालला आहे. माझा जीव तिथं अडकला आहे. हे सगळं कसं झालं ते नीट सांगते, कारण तुझ्या कानावर अर्धंमुर्धंच गेलं असणार.

सुरुवात तुझ्यापासूनच करावी लागेल. नर्सिंगच्या त्या दिवसांत तू मला किती छळलंस! मी कपडे पिळत असायचे आणि तू मागून येऊन विचारायचीस, 'रुख्मिणी, तू एवढी निर्धास्त कशी? कोणाच्या भरवशावर?' आणि मला साबणाच्या हातांनी तिथल्या तिथं उत्तर द्यावं लागायचं. कधी बसस्टँडवर, कधी वॉर्डात चादरी बदलताना, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडं माझं तोंड उघडं असताना. तू म्हणायचीस, विचारणारा माणूस वेळ ठरवून येत नसतो, म्हणून आपण कायम तयार असायचं. मीही माझ्या विश्वासाची साक्ष घोटून घोटून पाठ केली होती. आधी मी किती भित्री होते, मग तुझ्या घरच्या प्रार्थनेत पहिल्यांदा कसं वाटलं की मला कोणीतरी नावानिशी ओळखतो आणि ओळखूनही माझ्यावर प्रेम करतो, आणि त्यानंतर ती भीती कशी गेली. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, 'छान आहे, पण रेडिओवरच्या बातम्या वाचल्यासारखं सांगतेस.' मला असा राग यायचा तुझा!

लग्न घरच्यांनी ठरवलं. दत्ताला मी पहिल्याच आठवड्यात सगळं सांगून टाकलं. तो वाईट माणूस नाही गं. घाबरट आहे, एवढंच. म्हणाला, 'तुझं तू कर, म्या न्हाई आडवायचा. पन आईला कळू देऊ नको, अन् गावात तोंड उघडू नको. आपल्याला हितंच ऱ्हायचंय.' मी शब्द दिला. दुसरा रस्ता तरी कुठं होता? आपलं दोघींचं मात्र होस्टेल सोडताना ठरलं होतं, की दर शुक्रवारी दिवसभर उपास करायचा आणि एकमेकींच्या घरासाठी प्रार्थना करायची. तू जालन्यात, मी वालूरच्या पुढच्या या खेड्यात. तेवढं एक मी सोडलं नाही. स्वयंपाकघरात ज्वारीच्या पोत्यांच्या आड बसून, डोळे मिटून, ओठातल्या ओठात बोलायचे. तो कोपराच माझं चर्च होता.

मागच्या वर्षी तुरी काढायच्या दिवसांत आत्याबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय लवकर सुधारला, पण हात नुसता लोंबत होता. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मी मनात म्हटलं, नोकरी नाही लागली तर नाही, हाच आता माझा वॉर्ड. सकाळ-संध्याकाळ तेल लावायचं, एकेक बोट उघडायचं, मनगट फिरवायचं, खांदा उचलायचा. त्या कळवळून शिव्या द्यायच्या. 'सोड गं कैदाशिनी, जीव घेतीस का काय माझा!' मग हळूहळू आमची गट्टी जमली. हात चोळून घेता घेता त्यांनी मला आपलं सगळं आयुष्य सांगितलं. सासरे गेल्यावर एकटीनं शेत कसं कसलं, दत्ताला पाठीशी बांधून कापूस कसा वेचला, कोण कसं बोललं, कोणी कशी फसवणूक केली. मी त्यांचं ऐकत एकेक बोट सरळ करत राहिले. एक दिवस त्यांनी परातीतला ज्वारीचा दाणा चिमटीत उचलून मला दाखवला, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. सख्ख्या आईशी माझं कधी असं जमलं नाही.

पण त्यांच्या मते हात काही चोळल्यानं आला नव्हता. सून दर शुक्रवारी कडक उपास करते, कोपऱ्यात बसून पुटपुटते, म्हणजे शुक्रवारच्या लक्ष्मीचं व्रत करते, आणि तेही सासूच्या हातासाठी करते, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि गल्लीभर सांगितलं. मी म्हटलं, आत्याबाई, व्यायामानं आला हात. तर त्या शेजारच्या बायनाबाईंना म्हणाल्या, 'बघा, कशी मोठेपना घेईना झालीय.' मी जितकं नाकारावं तितकी जास्त गुणाची ठरत गेले. लक्ष्मीचं व्रत करते असं मी कधी म्हटलं नाही. नाही असंही मला म्हणता येत नव्हतं, कारण मग लगेच पुढचा प्रश्न आला असता. दत्ताला तर बरंच वाटलं. म्हणाला, 'आसू दे की. कोनाचं काय बिघडायलंय?'

आणि मग आत्याबाईंनी उद्यापन काढलं. सात सवाष्णी जेवायला, पुरणावरणाचा स्वयंपाक, आणि जिचं व्रत तिनं सगळ्यांना कहाणी सांगायची. मी सगळ्या पळवाटा शोधून पाहिल्या. अडचण आली म्हणावं, तर माझ्या तारखा आत्याबाईंना माझ्यापेक्षा पक्क्या ठाऊक. आजारी पडावं, तर घरातली नर्स मीच. दत्ताला म्हटलं, आता तरी सांगू दे. तो हात जोडून म्हणाला, 'एका दिसाचा तर सवाल हाय. पोथी वाच अन् मोकळी हो.' पूजा मी बायनाबाईंना करायला लावली, तुम्ही मोठ्या आहात म्हणून, आणि स्वतः तळणात गुंतून राहिले. शेवटी बायनाबाईंनी पोथी हातात दिली आणि मी पान उघडणार, तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, 'वाचू नको. वाचलेली समदीकडं ऐकतोत. तू वरीसभर कोपऱ्यात बसून जे म्हनायचीस ते सांग. माझा हात कोनामुळं आला ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.'

राजेश्री, इतक्या वर्षांत मला असं कोणी म्हणजे कोणीच विचारलं नव्हतं. आणि विचारलं ते अशा वेळी! समोर पाटांवर सात बायका, प्रत्येकीच्या मुठीत तांदूळ. तुमच्यात नसतं म्हणून सांगते, कहाणी ऐकताना मुठीत तांदूळ धरतात, आणि कहाणी संपली की त्या देवाच्या नावानं जय म्हणून ते वाहतात. तोवर मूठ उघडायची नाही. आत्याबाई विधवा म्हणून पाटावर न बसता दाराशी बसल्या होत्या, पण तांदूळ त्यांनीही घेतले होते, उजव्या हातात. माझी ती घोटलेली साक्ष कुठल्या कुठं गेली. पहिला शब्दसुद्धा आठवेना. त्यांच्या मुठीकडं बघता बघता मला तो लुळा माणूस आठवला, ज्याला चौघांनी खाटेवर घालून प्रभूकडं आणलं होतं. मी तेच सांगायला लागले. म्हटलं, एक गाव होतं, गावात एक माणूस होता, हात हलेना पाय हलेना, नुसता पडून असायचा.

घरात गर्दी मावेना, दारातून आत जायला वाट मिळेना, म्हणून ते चौघं छतावर चढले आणि माळवद उकरून खाट खाली सोडली, एवढं सांगितलं मात्र, बायका एकदम सावरून बसल्या. मातीचं माळवद म्हणजे काय हे इथं कोणाला समजावावं लागत नाही. निम्म्या जणींची घरं अजून तशीच आहेत. बायनाबाई म्हणाल्या, 'आगं बाई, उकरलं? घरधनी काई बोल्ला न्हाई?' दुसरी म्हणाली, 'खाली बसलेल्यांच्या डोक्यात माती पडली आसंल की.' तिसरीला काळजी, पावसाच्या आत पांढरी माती टाकून नीट केलं का नाही. आपल्या पास्टरांनी ही गोष्ट कितीदा तरी सांगितली, पण ते माळवद नंतर कोणी दुरुस्त केलं हे त्यांनाही कधी सुचलं नव्हतं. मलाही हसू आलं आणि भीती जरा मागं सरली. मी म्हटलं, घरधन्याचं मला ठाऊक नाही, पण ज्याच्यापुढं ती खाट उतरली तो रागावला नाही. त्यानं वर त्या चौघांकडं पाहिलं, खाली त्या माणसाकडं पाहिलं, आधी त्याच्या मनावरचं ओझं उतरवलं, सगळं चुकलंमाकलं माफ केलं, आणि मग त्याला उठून घरी जायला सांगितलं. तो उठला, वळकटी काखोटीला मारली आणि आपल्या पायांनी चालत गेला. आत्याबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ती मूठ त्यांनी छातीशी धरली होती.

कहाणी संपली. कोणी मूठ उघडेना. बायनाबाई म्हणाल्या, 'लय ग्वाड कहानी सांगितलीस. पन ही लक्ष्मीची न्हाई दिसत. कोन्या देवाची हाय? नाव सांग, म्हंजी जय म्हनू.' दारात दत्ता पत्रावळ्यांचा गठ्ठा घेऊन उभा होता आणि नजरेनं मला विनवत होता. नुसतं 'देवाची जय' म्हटलं असतं तरी भागलं असतं. सगळ्यांनी तांदूळ वाहिले असते, पोळ्या खाल्ल्या असत्या, मी सुटले असते. ते शब्द माझ्या जिभेवर आलेही होते. तू मला धीट समजू नकोस. पण आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी मनापासून विचारलं होतं, आणि त्यांना मला खोटं सांगवेना. मी म्हटलं, 'येशूची. मी त्याचीच आहे. माझे सगळे शुक्रवार त्याचेच होते.'

एकीनं तांदूळ ताटात परत टाकले. एकीनं सवयीनं पदराच्या टोकाला बांधले आणि मग घाईघाईनं गाठ सोडली. बायनाबाई एकटक माझ्याकडं बघत राहिल्या. आत्याबाई भिंतीला धरून उठल्या आणि आत गेल्या. पुरणाच्या पोळ्या निम्म्याहून जास्त तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी गाईला घातल्या.

मग लिंबाजी मामा आले, माझे चुलत सासरे. घरात त्यांचाच शब्द चालतो. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे सुपारी कातरत म्हणाले, 'बाई, देवीच्या देवळात नारळ फोड, अन् त्या सात जनींसमोर म्हन, चुकून बोल्ले. इषय संपला. न्हाईतर उद्या लोक म्हनतील, ह्या घरात धर्म बदलायचं काम करायलेत. केस झाली तर दत्ताला कोन सोडवनार?' तेव्हापासून दत्ता रोज तेच म्हणतो, 'नुस्तं तोंडानं म्हन. मनात काय ठिवायचं ते ठिव.' मी नाही म्हणते आणि तो भिंतीकडं तोंड करून झोपतो. मला त्याची कीव येते आणि संतापही येतो. सगळ्यांना माझ्याकडून फक्त एक वाक्य हवं आहे, आणि तेवढंच मला देता येत नाही.

आत्याबाईंनी मात्र माझ्याकडं नारळ मागितला नाही. उद्यापनाच्या दुसऱ्या सकाळी मी नेहमीसारखी तेलाची वाटी घेऊन गेले, तर त्यांनी हात पदराखाली घेतला. म्हणाल्या, 'कोन्या देवाला हात जोडायचे ते तुझं तू बघ. म्या कोन सांगनार? पन वरीसभर माझा हात तुझ्या हातात व्हता, म्या समदं पोटातलं तुला सांगितलं, अन् तू येवढं लपवून ठिवलंस. म्या गल्लीभर तुझं कौतिक करत हिंडले. येडी केलीस मला. आता ह्या हाताला हात लावू नको.' राजेश्री, देव कोण, मरणानंतर काय, एवढी देवळं असताना येशूच का, सगळ्याची तयारी तू माझ्याकडून करून घेतली होतीस. याला काय उत्तर द्यायचं? मला दत्तानं गप्प बसवलं होतं असं सांगावं, तर लेकच आईच्या नजरेतून उतरतो. त्यांना दुसरं आहे तरी कोण? म्हणून मी वाटी घेऊन परत फिरले.

आता मी लांबून बघते. कप त्या डाव्या हातानं धरतात. अंगठा आत वळायला लागला आहे, पुढं बोटं वळतील, मग मनगट. मला पुढचं सगळं दिसतंय आणि मी चार पावलांवर नुसती उभी. दत्ताला शिकवून पाहिलं, पण त्याच्या हाताला बैलाच्या कासऱ्याची सवय. त्यानं असा ओढला की त्या किंचाळल्या, आणि तेव्हापासून तो त्या खोलीत पाऊल टाकत नाही. काल मी दाराआडून पाहिलं, त्या डाव्या हातानं उजव्याची बोटं उघडायला बघत होत्या. उलट दिशेनं. मला तोंडात पदर कोंबावा लागला.

हे पत्र सुकेशनीताई सेलूला पेटीत टाकतील. त्या इथल्या शाळेत शिकवतात. बौद्ध आहेत. गावात त्या एकट्याच माझ्याशी पहिल्यासारख्या बोलतात. म्हणाल्या, 'आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा गावानं त्यांना कामावर बोलवायचं बंद केलं होतं. ते म्हणायचे, लोक दमतात, आपण दमायचं नाही.' त्यांनीच तुला माझी खबर कळवली, आणि काल त्यांच्याच फोनवर तुझा निरोप आला, की सामान बांध, चर्चच्या मंडळीतले दोघं-तिघं घेऊन येते, गाडी दारात लावते, तुला जालन्याला नेते. वाचून क्षणभर छाती मोकळी झाली. तुझ्या घरातली रविवारची गाणी कानात वाजायला लागली. रात्री मात्र मी काहीच बांधलं नाही.

राजेश्री, मला न्यायला येऊ नकोस. दारात गाडी लागली की गाव गोळा होईल आणि त्या हाताला पुन्हा कोणालाच हात लावता येणार नाही. तू एकटी ये, आणि माझ्यासाठी नको, आत्याबाईंसाठी ये. हेच मागायला एवढं लिहिलं. एस.टी.नं देवगाव फाट्यावर उतर, तिथून सेलू, सेलूहून वालूरची गाडी धर. वालूरला सुकेशनीताई घ्यायला येतील. आत्याबाई दारातच विचारतील, कोनाची, कुठली, कोन्या देवाची. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहूनच सगळं खरं सांग, माझी मैत्रीण आहेस तेही सांग, आणि मग म्हण की मी तुमचा हात बघायला आले आहे. त्या नाही म्हणतील. पण चहा पाजल्याशिवाय त्या कोणाला जाऊ देत नाहीत, तेव्हा ओसरीवर बस, आणि चहा होईपर्यंत तरी बघू द्या म्हण. त्यांनी हात पुढं केला तर माझं नाव काढू नकोस, माझी बाजू मांडू नकोस, त्यांनी आपणहून विचारल्याशिवाय काही सांगूही नकोस. तेल कोमट करून घे. करंगळीपासून सुरुवात कर. अंगठा सगळ्यात शेवटी, तो उघडताना कळ थेट खांद्यात जाते, तेव्हा त्या शिव्या देतील. देऊ देत. मी आतल्या खोलीत असेन, ऐकत.

तुझीच,
रुख्मिणी